बीबीत बी. बी. किंग : इलेक्ट्रिक गिटारचा आवाज शोधायचा कुठे?

(बीबी, ता. लोणार, जि. बुलडाणा येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

समोर ज्येष्ठ बसलेत, भजनी मंडळातले टाळकरी बसलेत आणि मागे गिटार पाठीला लावून आलेली पोरंही दिसताहेत. आजचा विषय त्या मागच्या पोरांचा आहे, पण पुढच्यांनी उठून जाऊ नये. कारण त्या पोरांना जे हवंय, त्यातलं बरंचसं तुमच्याकडे आहे. ते कसं, हेच आज सांगायचंय.

मुलं मला दोन प्रश्न विचारतात. एक, ‘माझ्या गिटारचा आवाज रेकॉर्डसारखा का येत नाही?’ दुसरा, ‘प्रेरणा कुठून आणू? इथे गिटार वाजवणारं कोणीच नाही.’ पहिल्या प्रश्नाला बाजार लगेच उत्तर देतो : हे पेडल घ्या, तो प्रोसेसर घ्या, हप्ते करून देतो. मुलगा हप्त्यावर वस्तू आणतो. दोन महिने नवेपणा टिकतो, मग आवाज पुन्हा तसाच वाटू लागतो, गिटार कपाटावर जाते आणि हप्ते मात्र चालू राहतात. हे मी अनेक घरांत बघितलंय. म्हणून आज आपण दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. त्याचं उत्तर नीट मिळालं की पहिल्याचं अर्धं उत्तर फुकटात मिळतं.

कापसाच्या शेतातला ‘बी. बी.’

तुमच्या गावाचं नाव बीबी. गिटारच्या जगातही एक बी. बी. होऊन गेले, बी. बी. किंग. जन्म १९२५ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातल्या इट्टा बेना गावाजवळचा. आणि मंडळी, जन्म कुठे? कापसाच्या मळ्यात. लहानपणी कापूस वेचला, मोठेपणी ट्रॅक्टर चालवला. पुढे मेम्फिस शहरात रेडिओवर काम मिळालं, तिथे ‘ब्लूज बॉय’ असं नाव पडलं आणि त्याचं ‘बी. बी.’ झालं. आपल्या कापसाच्या पट्ट्यात बसून या माणसाची गोष्ट परकी वाटायचं काही कारण नाही.

आता त्यांच्या गिटारकडे या. जगभरचे वादक त्यांचा आवाज एका स्वरात ओळखतात. कशावरून? स्वर लावल्यावर तो थरथरतो त्यावरून. त्याला गिटारवाले ‘व्हायब्रेटो’ म्हणतात. हा थरथराट आला कुठून? त्यांचे नात्यातले बुक्का व्हाईट हे स्लाइड गिटार वाजवायचे. म्हणजे तारेवर काच किंवा धातूची नळी सरकवून वाजवायचे. तो आवाज किंगना फार आवडायचा, पण नळीने वाजवणं त्यांना जमेना. मग त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि तोच आवाज नुसत्या बोटाने काढायचा प्रयत्न सुरू केला. बोट तारेवर रोवून मनगट हलवायचं. तो प्रयत्न करता करता जे तयार झालं, ते त्यांचं स्वतःचं झालं.

यात शिकण्यासारखं काय? त्यांनी दुसऱ्या कुणा गिटारवाल्याचं पेडल विचारलं नाही. कानाला आवडलेला एक आवाज धरला आणि तो आपल्या बोटांत कसा येईल हे शोधलं. प्रेरणा, प्रेरणा म्हणतो ती एवढीच असते. एक आवाज निवडायचा, त्याचे तुकडे करून ऐकायचं आणि एकेक तुकडा हातात आणायचा. आणि तो आवाज गिटारचाच असला पाहिजे असं बिलकुल नाही.

गळा हा पहिला गुरू

आपल्याकडे हे काम फार वरच्या पातळीवर झालेलं आहे. उस्ताद विलायत खाँ यांनी सतार गळ्यासारखी गाती केली. त्याला ‘गायकी अंग’ म्हणतात. एकाच पडद्यावर तार ओढून पुढचे चार-पाच स्वर काढायचे, ही मींड. इलेक्ट्रिक गिटारवर ‘बेंड’ म्हणतात ते हेच, फक्त पल्ला लहान.

मग गळा कुणाचा ऐकायचा? लांब जायला नको. पंडित वसंतराव देशपांडे १९२० साली मूर्तिजापूरला जन्मले, आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यात. १९६७ साली रंगमंचावर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’ मधले खाँसाहेब म्हणजे तेच. त्यांची तान कुठून उठेल आणि कुठे वळेल याचा अंदाज लागत नाही. तीन तास ऐकू नका. दहा सेकंदांचा एक तुकडा घ्या आणि स्वतःला पाच प्रश्न विचारा :

१. स्वराची सुरुवात कशी झाली? ठामपणे, की खालून सरकत?
२. स्वर स्थिर आहे की हलतोय? हलत असेल तर हळू की जलद?
३. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना उडी मारली की घसरत गेले?
४. आवाज कुठे वाढला, कुठे कमी झाला?
५. श्वास कुठे घेतला?

हा पाचवा प्रश्न गिटारवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याला श्वास लागत नाही, म्हणून आपण थांबतच नाही. ऐकणाऱ्याला मात्र श्वास लागतो. वाजवताना ओळ मनात गा आणि श्वास संपेल तिथे हात उचला. या एका सवयीने वाजवणं एका आठवड्यात वेगळं ऐकू येतं.

आता बेंडचा हिशेब. तार एक पूर्ण स्वर वर न्यायची, म्हणजे ‘सा’वरून ‘रे’वर, तर तिचा ताण साधारण सव्वापट करावा लागतो. हे एका बोटाचं काम नाही. तिसरं बोट स्वरावर, पहिली दोन त्याच्या मागे आधाराला, अंगठा मानेवर अडकवलेला आणि किल्ली फिरवल्यासारखं मनगट फिरवायचं. सराव असा करा : तिसऱ्या तारेवर नववी फ्रेट वाजवा आणि तो स्वर कानात ठेवा. मग सातव्या फ्रेटवरून तार ओढून बरोबर त्याच स्वरावर या. रोज वीस वेळा. बेसूर बेंड जगातल्या कुठल्याही पेडलने सुरात येत नाही.

थोडं पुढे गेलेल्यांसाठी आणखी एक. मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप ‘डी’वर लावा. तिसऱ्या तारेची नववी फ्रेट झाली आपला रिषभ, अकरावी झाली गंधार. अकराव्या फ्रेटचा गंधार तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा किंचित चढा असतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर सुमारे चौदा भागांनी. कारण फ्रेटची रचना सगळ्या पट्ट्यांना सारखी चालावी म्हणून केलेली तडजोड असते. आता नवव्या फ्रेटवरून तार ओढत गंधाराकडे जा आणि तंबोऱ्यात विरघळेल तिथे थांबा. भजनी मंडळातल्या काकांना शेजारी बसवा. स्वर लागला की त्यांची मान हलेल. असा परीक्षक शहरातल्या महागड्या क्लासातही सहज मिळत नाही.

मिरजेची जवारी आणि डिस्टॉर्शन

पुढचा विषय डिस्टॉर्शन. ज्येष्ठ मंडळींना हा आवाज म्हणजे गोंगाट वाटतो. पण आवाजात मुद्दाम खरखर, झणकार मिसळणं ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. तिचं नाव जवारी.

सांगली जिल्ह्यातलं मिरज तंबोरे आणि सतारींसाठी प्रसिद्ध आहे. २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथला कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसने घासून हलका उतार काढतो. तार कंप पावताना त्या उताराला निसटता स्पर्श करत राहते. त्यामुळे मूळ स्वराच्या वरचे अनेक स्वरांश जागे होतात आणि तंबोरा झणकारतो. तारेखालचा दोरा केसभर सरकवला तरी आवाज बदलतो. कारागीर घासतो, ऐकतो, पुन्हा घासतो. टोन शोधणारे लोक आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, पण आपण त्यांना कधी त्या नजरेने बघितलं नाही.

ॲम्प्लिफायरचं डिस्टॉर्शन वेगळ्या मार्गाने तिथेच जातं. झेपेल त्यापेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचा माथा छाटला जातो आणि त्या छाटण्यातून नवे स्वरांश तयार होतात. पण यात एक मेख आहे. दोन स्वर एकदम वाजवले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही निघतात. ‘सा’ आणि ‘प’ यांचं प्रमाण २ : ३. वजाबाकी १, म्हणजे खालचा ‘सा’. सुरात सूर! म्हणून रॉकवाले डिस्टॉर्शनमध्ये ‘सा-प’ची जोडी वाजवतात, तिला ते पॉवर कॉर्ड म्हणतात. त्यात गिटारचा तो चढा गंधार घातला की वजाबाकीचा स्वर बेसूर निघतो आणि सगळं गढूळ होतं.

यातून निघणारा उपाय फुकट आहे : डिस्टॉर्शनची, म्हणजे गेनची, कळ आहे तिथून निम्म्यावर आणा. घरी एकट्याने वाजवताना जास्त गेन भारी वाटतो, कारण चुका झाकल्या जातात. स्टेजवर त्याचा चिखल होतो. जवारी करणारा कारागीर केसभरच घासतो, हे लक्षात ठेवा.

उजवा हात : तुणतुणं आणि बेंजो

सगळे डाव्या हाताकडे बघतात. पण आवाज जन्मतो तो उजव्या हातात. आता गोंधळ्याचं तुणतुणं आठवा. एक तार, एक स्वर. तरी तो माणूस रात्रभर लोकांना जागं ठेवणाऱ्या गोंधळात उभा असतो. त्याच्याकडे फक्त दोनच गोष्टी असतात : आघाताचा जोर आणि वेळ. तुम्हीही पाच मिनिटं एकच स्वर वाजवून बघा. चालीत, पण प्रत्येक आघाताचं वजन वेगळं. पिक सपाट लावा, मग तिरपं लावा. ब्रिजजवळ वाजवा, आवाज धारदार येईल. मानेकडे सरका, गोल येईल. पिकअपचंही तसंच. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथे वरचे स्वरांश उठून दिसतात. मानेकडे मूळ स्वर भरदार मिळतो.

दुसरा नातेवाईक आपला बेंजो. मिरवणुकीतला, टाइपरायटरसारख्या कळा असलेला. हा अमेरिकेचा बँजो नव्हे. याचा मूळ पुरुष जपानचा ‘ताइशोगोतो’, १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलेला. भारतात तो बुलबुल तरंग झाला, महाराष्ट्रात त्याला पिकअप बसला, ॲम्प्लिफायर लागला आणि तो वरातीत, गणपतीत शिरला. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये ‘बेंजो’ नावाचा हिंदी सिनेमाही काढला. मंडळी, लोखंडी तार, खाली चुंबक आणि तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, पुढे ॲम्प्लिफायर, हीच तर इलेक्ट्रिक गिटार! बेंजोवाल्याचा उजवा हात नीट बघा. ढोलाच्या दणक्यात त्याची चाल प्रत्येकाला ऐकू जाते, कारण त्याचा आघात स्पष्ट असतो आणि तो भरताड स्वर वाजवत नाही.

मुंबईच्या सिनेसंगीतातही ऐकायला खूप आहे. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात गिटार भूपिंदर सिंग यांची आहे, गझल गाणारे तेच भूपिंदर. ‘कर्ज’ (१९८०) मधली पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून गोरख शर्मा यांची. त्यात वेग नाही, पण पोरासोरांनाही ती गुणगुणता येते. आजच्यांपैकी मुंबईचे वॉरन मेंडोन्सा ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावाने शब्दांशिवाय गिटार गाती करतात. २००७ चा त्यांचा ‘नाईट्स इन शायनिंग कर्मा’ ऐका. स्वर किती वेळ धरलाय, सोडताना काय केलंय, तेवढंच बघा.

मग मशीनचं काहीच नाही का?

आहे ना. पण ते समजून घेऊन करावं. गावात गिटारचा वेगळा ॲम्प्लिफायर क्वचितच असतो. आपण गिटार थेट साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खुपसतो. तिथे दोन भानगडी होतात.

पहिली : साध्या गिटारच्या पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा रोध लागतो. मिक्सरच्या माइकच्या इनपुटला तो एक-दोन हजार ओहमच असतो. परिणाम काय, तर वरचे स्वर गळून जातात आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. उपाय : मध्ये डीआय बॉक्स, किंवा बफर असलेलं कुठलंही चालू पेडल.

दुसरी : गिटारच्या ॲम्प्लिफायरचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवतच नाही. साउंड सिस्टीमचा हॉर्न मात्र सगळं वाजवतो. म्हणून डिस्टॉर्शन पेडल थेट मिक्सरला लावलं की गांधीलमाश्या उठल्यासारखं होतं. उपाय : प्रोसेसरमध्ये ‘कॅबिनेट’ नावाची सोय असते, ती चालू करा. नसेल तर मिक्सरवाल्या दादांना तुमच्या चॅनलची ट्रेबल कमी करायला सांगा. पैसे खर्च न करता निम्मा त्रास जातो.

आणि तारा बदला. गंजलेल्या तारांवर कोणी सुरात वाजवू शकत नाही. नवीन तारा लावल्यावर बाराव्या फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर आणि तिथेच हलका स्पर्श करून काढलेला स्वर एक येतात का, ते ट्यूनरवर बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचा स्क्रू फिरवून तारेची लांबी थोडी वाढवायची, उतरलेला असेल तर कमी करायची. एवढं काम स्वतःला आलंच पाहिजे.

एका महिन्याचं काम

आता घरी जाऊन काय करायचं? एकच ओळ निवडा. अभंगाची, भीमगीताची, नाट्यपदाची, कुठलीही, जी तुम्हाला खरंच आवडते. पहिला आठवडा फक्त गा. गळा चांगला नसला तरी चालेल, ओळ अंगात मुरायला हवी. दुसऱ्या आठवड्यात तीच ओळ डिस्टॉर्शनशिवाय गिटारवर, अर्ध्या लयीत. तिसऱ्या आठवड्यात ते पाच प्रश्न : सुरुवात, हलणं, घसरणं, जोर, श्वास. चौथ्या आठवड्यात थोडा गेन, थोडा एको. रोज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका, पण दुसऱ्या दिवशी. वाजवल्याबरोबर ऐकलं की मन आपल्याला हवं तेच ऐकतं. महिनाभरानंतरही एखादं पेडल हवंसं वाटलं तर खुशाल घ्या. तेव्हा ते कशासाठी घेतोय हे तुम्हाला सांगता येईल.

प्रश्नोत्तरं

*सर, मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. घरी माह्या गिटारचा आवाज जबरदस्त येते, स्टेजवर कीबोर्ड अन् पॅड सुरू झालं की ऐकूच येत नाही.*

घरी तुम्ही बेस आणि ट्रेबल वाढवून मधला भाग, म्हणजे मिडल, कमी केलेला असणार. एकट्याने ऐकायला ते छान लागतं. पण स्टेजवर खाली बेस आणि पॅड बसलेत, वर झांज बसलीय. गिटारची जागा मधेच आहे, गळ्याची आहे तीच. मिडल वाढवा, गेन कमी करा. आणि कीबोर्डवाल्याशी बोला. त्यांनी कॉर्ड धरला असेल तेव्हा तुम्ही तोच कॉर्ड धरू नका. दोघांनी एकाच जागी उभं राहिलं तर धाकटा चेंगरतो.

*गिटार लावली की ‘हूं’ असा आवाज येतो. तारेला हात लावला की कमी होतो.*

तो ५० हर्ट्झचा, आपल्या विजेचा आवाज. एका वेढ्याच्या पिकअपमध्ये तो येतोच. दोन उलट वेढ्यांचा हंबकर असेल तर बराच कमी होतो. पण आधी अर्थिंग बघा. मांडवात तीन पिनच्या प्लगची मोठी पिन कापून टाकतात, ते अजिबात करू नका आणि करू देऊ नका. तुमचा हात तारेवर आणि ओठ माइकला असतात. अर्थिंग बिघडलेलं असेल तर तिथे जीव जाऊ शकतो. झटका जाणवला तर कार्यक्रम थांबवा, कोणी काही म्हणो.

*(एक आजोबा) आमच्या नातवाने गिटार घेतली. आम्हाला त्यातलं काही कळत नाही. आम्ही काय करावं?*

तुम्ही भजनात काय वाजवता? ...पेटी. मग तुम्हाला सगळं कळतं. त्याला रोज दहा मिनिटं समोर बसवा. तुम्ही एक ओळ पेटीवर वाजवा, त्याने ती गिटारवर काढायची. पेटीवर मींड निघत नाही, ती त्याच्या तारेवर निघते. तेव्हा ओळ तुम्ही द्या, मींड तो देईल. आणि स्वर चुकला तर सांगा. लाजू नका, तुमचा कान पन्नास वर्षांचा आहे.